ब्रेकचा पाइप बदलशील तेव्हा

पोरी, गाडीच्या पुढच्या ब्रेकला जाळीचा पाइप बसवायचा म्हणतेस. बसव, माझी ना नाही. पण तो पाइप कुणी बनवलाय, त्यावर काय छापलंय, तो हँडलपासून चाकापर्यंत कसा नेलाय आणि बसवल्यावर कुणी तपासलाय, या गोष्टी त्याच्या चमकेपेक्षा कितीतरी मोठ्या आहेत. त्यातलं तपासणीचं आधी सांगतो, कारण आपल्याकडे खाजगी दुचाकीच्या ब्रेककडे सरकारी माणसाने बघायला पंधरा वर्षं जातात.

नवी गाडी घेतली की नोंदणी १५ वर्षांची मिळते. ती संपत आली की गाडी आरटीओत न्यायची, निरीक्षक तिच्याकडे बघतो आणि पुढची ५ वर्षं वाढवून मिळतात. मधल्या काळात तुझी गाडी उभी करून कुणी चाक, ब्रेक, शॉकॉब तपासत नाही. रिक्षा, टेम्पो, ट्रक यांचं निराळं आहे. त्यांना पहिली ८ वर्षं दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करावं लागतं. त्यांच्या ब्रेक टेस्टसाठी २५० मीटरचा ट्रॅक हवाच, असं मुंबई उच्च न्यायालयाने आरटीओंना बजावलं होतं. तुझ्या दुचाकीच्या वाट्याला यातलं काही येत नाही. पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो तो धूर मोजायला. ब्रेक बघणं त्याचं काम नव्हे. तरी पीयूसीचा कागद आहे म्हणजे गाडी तपासलेली आहे, असं धरून चालणारी माणसं मला गॅरेजात रोज भेटतात.

ब्रिटनमध्ये मोटरसायकल ३ वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची तपासणी असते. तिच्यात ब्रेकचे पाइप घासलेत का, चिरलेत का, लिव्हर दाबल्यावर फुगतात का, हे बघतात आणि दोष मोठा असला तर गाडी नापास होते. जर्मनीत दर २ वर्षांनी गाडी दाखवावी लागते. जपानमध्ये २५० सीसीच्या वरच्या गाडीला पहिली तपासणी ३ वर्षांनी आणि मग दर २ वर्षांनी. तिकडे जे काम सरकार करून घेतं ते इथे तुझ्या गळ्यात आहे. वर्षातून दोनदा कर: एकदा मृगाच्या आधी आणि एकदा दिवाळीच्या सुमारास, पाऊस सरल्यावर. आपल्याकडचा गगनबावडा-राधानगरीचा पाऊस लोखंडाला सोडत नाही, आणि तू कोकणात, गोव्याला जातेस तेव्हा खाऱ्या हवेने बोल्टच्या डोक्यांवर पांढरी-हिरवी बुरशी धरते. ती घासून काढून खाली काय आहे ते बघायचं.

या पाइपात दाब किती असतो, त्याचा एकदा हिशेब करून बघ. समज, घाईत तू लिव्हरवर १५ किलोचा जोर दिलास. लिव्हरच्या लांबीमुळे तो मास्टर सिलेंडरच्या पिस्टनपाशी पोचेपर्यंत साधारण सहापट होतो, म्हणजे ९० किलो. पिस्टन अर्ध्या इंचाचा धर, १२.७ मिलीमीटरचा. त्याचं क्षेत्रफळ सव्वा चौरस सेंटिमीटरच्या आसपास. भागाकार केलास की दर चौरस सेंटिमीटरला ७० किलो येतात. टायरमध्ये आपण २ किलो हवा भरतो. टायरच्या पस्तीसपट दाब त्या करंगळीएवढ्या नळीत असतो, आणि तोही गाडीसमोर अचानक कुणी आडवं आलं त्याच क्षणी. म्हणून पाइप फुटायचा असेल तर तो घराच्या दारात फुटत नाही, जोरात ब्रेक मारताना फुटतो.

आता कंपनीचा रबरी पाइप कसा बघायचा ते सांगतो. गाडी मेन स्टँडवर घे. चांगला उजेड घे, मोबाइलची बॅटरी चालेल. वरून मास्टर सिलेंडरपासून सुरुवात कर आणि बोटं फिरवत खाली कॅलिपरपर्यंत ये. डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला लागतं. जिथे पाइप लोखंडी टोपणात दाबलेला असतो त्या तोंडाशी तो हलकाच वाकव. बारीक चिरा तिथेच आधी येतात आणि पाइप सरळ असताना मिटलेल्या असतात. हेडलाइटच्या मागे, नंबरप्लेटच्या पट्टीला, शॉकॉबच्या क्लिपला जिथे जिथे तो टेकतो तिथे घासून चपटा झालाय का बघ. चिरेतून आतला धागा दिसला तर त्या दिवशी ती गाडी रस्त्यावर न्यायची नाही. मग कुणाला तरी लिव्हर पूर्ण दाबून धरायला सांग आणि तू पाइप चिमटीत धर. तो जागच्या जागी फुगताना जाणवला तर बदलायची वेळ आली. शेवटी कोरडा पांढरा कागद घेऊन प्रत्येक जोडावर टेकव. ओल उमटली तर गळती आहे. उसाच्या पट्ट्यात राहतेस, तेव्हा उंदरांचंही बघ. गोठ्याच्या कडेला उभ्या केलेल्या गाड्यांचे पाइप आणि वायरी त्यांनी कुरतडलेल्या मी पाहिल्यात.

पण बाहेरून धडधाकट दिसणारा पाइप आतून गेलेला असू शकतो, आणि हे भल्याभल्या फिटरच्या लक्षात येत नाही. एक गाडी आमच्याकडे ढकलत आणली होती. पुढचं चाक हाताने फिरेना, डिस्क तापून निळी पडलेली. आधी दुसरीकडे पॅड बदलून झाले होते, कॅलिपरचं किटही नवं टाकलं होतं. मी वरचा बँजो बोल्ट, मास्टर सिलेंडरजवळचा, थोडा सैल केला. चाक तसंच अडकलेलं. मग खाली कॅलिपरचं निपल सोडलं, तशी तेलाची पिचकारी उडाली आणि चाक मोकळं झालं. अडथळा मधे, पाइपातच होता, वर नाही आणि खालीही नाही. तो पाइप उतरवून ब्लेडने उभा चिरला. बाहेरचं रबर काळंभोर, एक ओरखडा नाही. आत मात्र अस्तराचा नखाएवढा पापुद्रा सुटून आडवा झालेला. लिव्हर दाबला की तेल त्याला ढकलून खाली जायचं आणि सोडल्यावर परत यायला वाट नसायची. तो पाइप गाडीइतकाच जुना होता आणि गाडी पंधराव्या वर्षाला टेकली होती. म्हणून ब्रेक सोडूनही चाक जड जात असेल, चालवून आल्यावर डिस्कजवळ हात नेताच झळ लागत असेल, तर नुसते पॅड बदलून थांबू नकोस. वरचा बोल्ट, मग खालचं निपल, याच क्रमाने बघ. दोष कुठे आहे ते पाच मिनिटांत कळतं. सोडताना बोल्टभोवती फडकं मात्र धर, आणि नंतर बँजोला दोन्ही अंगांनी नवे वायसर टाकूनच गाडी बाहेर काढ.

जाळीच्या पाइपाचं म्हणशील, तर त्यात आत टेफ्लॉनची नळी असते, तिच्यावर स्टीलच्या तारांची वीण आणि त्यावर प्लास्टिकचं आवरण. रबर दाबाखाली थोडं पसरतं, टेफ्लॉन जवळजवळ पसरत नाही, त्यामुळे लिव्हर कडक लागतो आणि हाताचा जोर थेट पॅडपाशी पोचतो. हा फरक खरा आहे, चालवताना बोटांना कळतो. पण गाडी किती फुटांत थांबते हे शेवटी टायर आणि रस्ता ठरवतो. गोटा झालेल्या टायरवर कितीही महाग पाइप लाव, ओल्या रस्त्यावर चाक घसरणारच. दुसरं म्हणजे, ज्यांनी दहा वर्षांचा रबरी पाइप काढून जाळीचा लावला ते कौतुक जाळीचं करतात, पण त्यातला मोठा वाटा नुसत्या नवेपणाचा आणि ताज्या तेलाचा असतो. कंपनीचा नवा रबरी पाइप आणि नवं तेल घातलं असतं तरी त्यांना बराचसा तोच आनंद मिळाला असता, आणि कागदपत्रांचा प्रश्न आलाच नसता. तुझी गाडी जुनी आहे. माझं ऐकशील तर आधी हे कर, महिनाभर चालव, आणि मग ठरव.

मी जाळीच्या विरोधात आहे असं समजू नकोस. चाकणला बनणाऱ्या केटीएमच्या काही गाड्यांना ती कंपनीतूनच येते. पण ती त्या गाडीच्या मापाने बनवलेली असते, तिची वळणं, क्लिपा, लांबी सगळं ठरवलेलं असतं आणि त्या ब्रेकसकट गाडीला मंजुरी मिळालेली असते. बाजारातल्या पाइपामागे हे सगळं आहे का, ते विकत घेताना तुला शोधायचंय.

विकत घेताना आधी छपाई बघ. चांगल्या पाइपावर बनवणाऱ्याचं नाव, बनवल्याची तारीख किंवा बॅच आणि मानकाचा उल्लेख असतो. आपल्याकडे हायड्रॉलिक ब्रेकच्या पाइपासाठी आयएस ७०७९ हे मानक आहे. परदेशी पाइपावर अमेरिकेचं एफएमव्हीएसएस १०६ किंवा नुसतं डॉट छापलेलं दिसेल. त्या अमेरिकी नियमात पाइप एका यंत्रावर ३५ तास सलग हलवत ठेवतात, आणि ३ मिलीमीटरपर्यंतच्या भोकाचा पाइप ७००० पीएसआयच्या आत फुटता कामा नये अशी अट आहे. आपल्या मघाच्या हिशेबातला दाब १००० पीएसआयच्या घरात येतो, म्हणजे सातपट राखीव. जर्मनीत असे पाइप मंजुरीच्या कागदासह मिळतात आणि तो कागद लोक गाडीत ठेवतात, कारण तपासणीत मागतात. त्या कागदाने इथल्या आरटीओत तुझं काम होणार नाही, पण पाइप कुठल्या तरी परीक्षेतून गेलाय एवढं त्यावरून कळतं. छपाई मुळीच नसलेला पाइप फुकट दिला तरी घेऊ नकोस.

मग टोकं बघ. पाइप लोखंडी टोपणात यंत्राने दाबून बसवलेला हवा, सगळीकडून सारखा. स्क्रूचा क्लिप लावून आवळलेलं टोक पेट्रोलच्या नळीला चालतं, ब्रेकला कधीच नाही. बाजारात साध्या रबरी पाइपावर नुसती चमकती जाळी चढवूनही विकतात. टोपणाच्या तोंडाशी जाळी नखाने मागे सरकवता आली तर ती वरून घातलेली सजावट आहे, ठेवून दे. दुकानदाराकडून बिल घे, त्यावर पाइपाचं नाव आणि गाडीचं मॉडेल लिहून घे. सरकारने सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणून अधिसूचित केलेला सुटा भाग निकषाला न उतरणारा विकला, तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर विकणाऱ्याला एका भागामागे १ लाख रुपये दंड किंवा १ वर्षापर्यंत कैद आहे. बिल द्यायला कोण का कू करतो, यावरूनही तुला पुष्कळ कळेल.

कायद्याचं आता स्पष्ट सांगतो, कारण याबाबत पोरांमध्ये दोन टोकाच्या समजुती आहेत. एक म्हणतो गाडी माझी, मी काहीही करीन. दुसरा म्हणतो बोल्ट बदलला तरी चलान फाटतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीतला तपशील आणि कंपनीने मुळात ठरवलेली रचना यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षी कायद्यातलं १८२ अ हे कलम नव्याने लिहिलं गेलं. परवानगी नसलेला बदल केला, सुटा भाग बाहेरून बसवूनही, तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आरसीवर ब्रेकच्या पाइपाचा उल्लेख नसतो, हे खरं. पण गाडीची प्रकार-मंजुरी तिच्या ब्रेकसकट होते. पुण्याची एआरएआय ही १९६६पासूनची संस्था हेच काम करते. तेव्हा झीज झाली म्हणून कंपनीचाच पाइप बसवलास तर तो दुरुस्तीत मोडतो, त्यावर कुणी बोट ठेवणार नाही. दुसऱ्या बनावटीचा बसवलास तर जबाबदारी तुझी.

त्याहून मला काळजी कलम १९०ची वाटते. दोष आहे हे माहीत असून, किंवा साध्या काळजीने कळला असता असा दोष असून गाडी रस्त्यावर आणली तर १५०० रुपये दंड. आणि त्या दोषामुळे अपघात होऊन कुणाला इजा झाली तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० दंड. पाइप चुकीचा बसवलेला असेल तर तो बदल होता की दुरुस्ती, यावर तिथे कुणी वाद घालत बसत नाही. विमा कंपनीला बदल आधी लेखी कळव, उत्तर जपून ठेव. गाडी वॉरंटीत असेल तर तोपर्यंत ब्रेकला हातच लावू नकोस. आणि काढलेला मूळ पाइप धडका असेल तर टाकू नकोस. दोन्ही तोंडं बंद करून, मागच्या क्लिपांसकट पिशवीत ठेव. नूतनीकरणाच्या वेळी तो पुन्हा चढवावा लागला तर सगळ्या वस्तू हाताशी हव्यात.

बसवण्याच्या कामात सगळ्यात जास्त वेळ पाइप कुठून न्यायचा यात घाल. मूळ पाइप काढण्याआधी मोबाइलवर दोन्ही बाजूंनी फोटो काढ. नवा पाइप हातानेच सैल बसव आणि हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरव. मग पुढचं चाक जमिनीवरून उचल, म्हणजे शॉकॉब पूर्ण उघडतील, आणि परत दोन्हीकडे फिरव. कुठेही पाइप ताणला जाता कामा नये. नंतर चाक खाली ठेवून हँडलवर भार दे, शॉकॉब दबू दे, आणि पाइप चाकाला किंवा टायरला लागत नाही ना बघ. ज्यांनी हँडल उंच करायला रायझर टाकलेत त्यांच्या गाड्यांत हमखास हीच चूक असते: सरळ चालवताना पाइप ठीक, पण अरुंद बोळात हँडल पूर्ण वळवलं की तारेसारखा ताठ. उंची वाढवायची असेल तर पाइपही तेवढा लांबीचा हवा. रबरी पाइपाच्या अंगावर लांबीभर छापलेली रेघ असते; ती पिळलेली दिसली तर पाइप पिळलेला आहे, टोक सोडून सरळ कर.

जाळीला स्वतःचा एक धोका आहे. वरचं आवरण फाटलं की उघड्या तारा कानशीसारखं काम करतात. टाकीचा रंग, मडगार्ड, क्लचची केबल, शेजारची वायर, जे लागेल ते कापत जातात. म्हणून जिथे जिथे पाइप टेकतो तिथे रबरी नळकांडं चढव आणि कंपनीच्या जागीच क्लिप लाव. जाळीने झाकलेली असल्याने आतली टेफ्लॉनची नळी मोडलेली, चिमटलेली बाहेरून दिसत नाही, हेही लक्षात ठेव. एकदा घडी पडलेला जाळीचा पाइप सरळ करून वापरायचा नाही. जाळीचा पाइप आयुष्यभर टिकतो असं तुला कुणी सांगितलं तर ऐकून घे आणि सहा महिन्यांनी आपली तपासणी कर.

बँजो बोल्टचे आटे बघितल्याशिवाय फिरवू नकोस. दोन्ही बोल्ट १० मिलीमीटरचे असतात, पण एकाचा पिच १.० आणि दुसऱ्याचा १.२५ असू शकतो. चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे जातो आणि मग कॅलिपरचे आटे खातो. बोटांनी शेवटपर्यंत सहज जायला हवा. वायसर प्रत्येक वेळी नवे, बँजोच्या दोन्ही अंगाला एकेक. एका बोल्टवर दोन पाइप असतील तर तीन वायसर. जुना वायसर एकदा चेपलेला असतो, तो दुसऱ्यांदा नीट बसत नाही. घट्ट करायला टॉर्क पाना वापर आणि आकडा तुझ्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घे. अंदाजाने आवळणारे अॅल्युमिनियमच्या कॅलिपरचं नुकसान करतात. आणि पॅड किंवा चाक काढताना कॅलिपर पाइपावर लोंबकळत सोडू नकोस, सुतळीने शॉकॉबला बांध.

तुझी गाडी एबीएसची आहे का ते बघ. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं. त्या गाडीत लिव्हरपासून पाइप आधी एबीएसच्या डब्यात जातो आणि तिथून दुसरा खाली येतो. मधला डबा वगळून थेट एकच पाइप टाकून देणारे मिस्त्री आहेत. त्यांच्याकडे गाडी देऊ नकोस, कितीही स्वस्तात करत असले तरी. चाकाच्या सेन्सरची वायरही पाइपालाच क्लिपांनी बांधलेली असते. नव्या पाइपाला ती तशीच बांधली नाही तर ती टायरला लागून तुटते. एबीएसच्या काही गाड्यांतली हवा पूर्ण काढायला कंपनीचं मशीन लागतं, तेव्हा हे काम घरी करण्याच्या भानगडीत न पडलेलं बरं.

ब्रेकचं तेल कुठलं, ते मास्टर सिलेंडरवरच्या तेलाच्या डब्याच्या झाकणावर लिहिलेलं असतं, बहुतेक डॉट ४. डॉट ३, ४ आणि ५.१ एका जातीची तेलं आहेत. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यांत मिसळायचं नाही. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पण ते हवेतलं पाणी ओढतं, आणि पुरेसं पाणी प्यालं की तोच आकडा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. आंबोली किंवा फोंडा घाट उतरताना ब्रेक धरून धरून उतरलीस तर कॅलिपरातलं जुनं तेल उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून लिव्हर हँडलला टेकतो. तिथे कुठलाही पाइप मदतीला येत नाही. म्हणून दर २ वर्षांनी तेल बदल, अर्धवट उघडी पडलेली बाटली वापरू नकोस, आणि घाट ज्या गिअरने चढतेस त्याच गिअरने उतर. ब्रेकचा कुठलाही भाग पेट्रोल, रॉकेल किंवा इंजिन ऑइलने धुवायचा नाही. आतली रबरं फुगतात आणि पिस्टन अडकतो. रंगावर ब्रेक ऑइल सांडलं तर पुसत बसू नकोस, लगेच भरपूर पाणी ओत.

हवा काढताना क्रम असा: लिव्हर दाब, दाबून धर, निपल पाव फेरा सोड, तेल आणि बुडबुडे येऊ दे, निपल बंद कर, आणि मगच लिव्हर सोड. डब्यातलं तेल खालच्या रेघेच्या खाली जाऊ देऊ नकोस, नाहीतर पुन्हा हवा शिरते. नवा पाइप टाकल्यावर हट्टी बुडबुडा बहुतेक वेळा सगळ्यात वर, मास्टर सिलेंडरच्या बँजोत बसलेला असतो. हँडल असं वळव की तो जोड वर येईल, आणि लिव्हर थोडा थोडा हलकेच दाबत राहा. डब्यात बारीक बुडबुडे येताना दिसतील. आमच्या उस्तादांची पद्धत होती, रात्री लिव्हर रबराने बांधून ठेवायची, सकाळी सोडला की राहिलेली हवा वर निघून येते. मी ती अजून वापरतो, पण नीट हवा काढून झाल्यावर, तिच्याऐवजी नाही.

झाल्यावर लिव्हर दोन्ही हातांनी जोरात दाबून मिनिटभर धर. तो हळूहळू आत सरकत गेला तर कुठेतरी गळतंय किंवा मास्टर सिलेंडरचं किट गेलंय. गाडी काढू नकोस. कडक राहिला तर सगळे जोड पांढऱ्या कागदाने तपास. मग मोकळ्या मैदानात आधी चालण्याच्या वेगाने आणि नंतर वीस-तीसच्या वेगाने ब्रेक मारून बघ. चाक मोकळं फिरतंय, डिस्क गार आहे, हे बघूनच रस्त्यावर जा. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा एकदा प्रत्येक बोल्टला कागद टेकव.

तेल बदललेली तारीख आणि पाइप बसवलेली तारीख चिकटपट्टीवर लिहून सीटच्या खाली लाव, बिल आरसीच्या पाकिटात ठेव. तपासणी जमली नाही तर गाडी इकडे घेऊन ये. येताना मॅन्युअल आण, आणि वायसर मात्र तुझ्या मॉडेलचे मोजून जास्तीचे आण, इकडे प्रत्येक मापाचे मिळतातच असं नाही.